अरुणोदय लाह्यांचं पेटंट

"कलकत्त्यापासून कराचीपर्यंत माणूस सकाळी उठला की चूळ भरेल आणि आधी माझा डबा उघडेल," असं कमलाकांत वामन वाडेगावकर यांनी एका रविवारी अमरावतीत, सासऱ्यांच्या ओसरीवर जाहीर केलं. सासरे बापूसाहेब वकील वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून जावयाकडे नीट पाहिलं, कारण लग्नानंतरच्या चौदा वर्षांत जावयानं त्यांच्यासमोर एवढं लांब वाक्य पुरं केलं नव्हतं.

कमलाकांत हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. मेजावर नमुन्याचा आंबा ठेवायचा, मुलांना तो काढायला सांगायचा आणि आपण खिडकीबाहेरच्या ढगांकडे बघत बसायचं, अशी त्यांची शिकवण्याची रीत. तास संपेपर्यंत मुलांनी आंबा खाल्लेला असे. मास्तर भानावर आले की मेजावर कोय दिसे, आणि ते शांतपणे म्हणत, बरं, आज कोय काढा. असा निरुपद्रवी माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा नसेल.

पण या निरुपद्रवी माणसाच्या मनात एक सल होता. लहानपणी लोक त्यांना वामनशास्त्र्यांचा धाकटा म्हणत. लग्न झालं आणि ते बापूसाहेबांचे जावई झाले. टांगेवाला, गवळी, पोस्टमन, सगळे त्यांना याच नावानं ओळखत. शाळेच्या वार्षिक अहवालातसुद्धा एकदा 'चित्रकला शिक्षक, बापूसाहेब वकिलांचे जावई' असं छापून आलं होतं, आणि चूक आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. आयुष्यात एकदा तरी आपलं नाव, सगळ्यांत आधी, सरकार जपून ठेवील अशा कागदावर छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

आणि मग त्यांना स्वप्न पडलं.

रविवारचं जेवण झाल्यावर कमलाकांत माजघरात चटई टाकून आडवे होत. तशा एका दुपारी, डोळा लागतो न लागतो तोच, सगळीकडे हळदीसारखा पिवळा उजेड झाला. ज्वारी फुटल्याचा खरपूस वास आला. त्या उजेडात दोन हात दिसले. नुसते हात, चेहरा नाही. हातांत कागदाची पिशवी, पिशवीत पांढऱ्याशुभ्र लाह्या. हातांनी पिशवीच्या तोंडावर एक काडी आडवी धरली, तोंड तिच्याभोवती एकदा, दोनदा, तीनदा गुंडाळलं, आणि काडीची दोन्ही टोकं डब्याच्या काठावरच्या दोन खाचांत बसवली. टक्, असा आवाज झाला. कमलाकांत उठून बसले, एका मुलाच्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी ते सगळं जसंच्या तसं काढलं, आणि त्या मुलाला त्या वर्षी शंभरापैकी शंभर मार्क मिळाले.

आता यात एवढं काय, असं बाहेरचा माणूस म्हणेल. वऱ्हाडातला म्हणणार नाही. वऱ्हाडात ज्वारीच्या लाह्या घरोघर. दह्यात कालवा, दूधगुळात घाला, सकाळची न्याहारी झाली. पण पावसाळ्यात डबा एकदा उघडला की दुसऱ्या दिवशी लाह्या सादळतात आणि तिसऱ्या दिवशी त्या चघळाव्या लागतात. बापूसाहेबांच्या क्लबात विलायतेहून मक्याच्या पापुद्र्यांचा खोका येई. साहेबलोक तो न्याहारीला खात. त्याचीही चौथ्या दिवशी हीच गत होई. विलायतेला जे सुचलं नाही ते अमरावतीच्या माजघरात सुचलं होतं. बाहेर पुठ्ठ्याचा डबा, आत मेणकागदाची पिशवी, तिच्या तोंडाला तुराटीची काडी आणि काठाला दोन खाचा. रोज सकाळी काडी उलगडा, मूठभर लाह्या घ्या, पुन्हा गुंडाळा. डब्यावर उगवत्या सूर्याचं चित्र कमलाकांतांनी स्वतः काढलं आणि खाली लिहिलं, 'अरुणोदय लाह्या'.

बापूसाहेबांची सारी हयात शेताच्या बांधांचे आणि विहिरींच्या हिश्श्यांचे दावे लढण्यात गेली होती. पेटंट त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तेही हुरळले. कलकत्त्याच्या पेटंट कचेरीतून त्यांनी अर्ज मागवला, नागपूरहून कायद्याचं पुस्तक आणवलं आणि आठवडाभरात ते पेटंटचे जाणकार झाले. भांडण एकाच गोष्टीवरून झालं. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात स्वप्न घालायचं, असा कमलाकांतांचा हट्ट होता. बापूसाहेब म्हणाले की कायदा स्वप्न ओळखत नाही, तुम्ही विचार करून शोध लावलात असं लिहा. पण कमलाकांत ऐकेनात. विचार त्यांनी केलाच नव्हता, मग शपथेवर खोटं कसं लिहायचं? शेवटी सातव्या कलमात स्वप्न आलं.

पुढचे सहा महिने कमलाकांत जमिनीवर नव्हतेच. शाळेत जाताना रस्ता चुकायचे आणि बाजारातून मेथीऐवजी चाफ्याची फुलं आणायचे. स्वप्न त्यांनी साऱ्या अमरावतीला सांगितलं. प्रमोदिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते शंभर वेळा तरी ऐकलं असेल. त्या कपाटातून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढून वाटीभर लाह्या समोर ठेवत, कमलाकांत त्या खात खात पुन्हा पहिल्यापासून सांगत, आणि त्या हसून म्हणत, "दही घालू का अजून?"

ज्येष्ठात कलकत्त्याहून लिफाफा आला. कमलाकांतांनी तो दारातच उभ्या उभ्या फोडला. आत पेटंट नव्हतं, हरकत होती. अकोल्याच्या जठारपेठेतले भगवंतराव म्हणून एक दुकानदार, बाळापूरकडच्या जुन्या शेतकरी घराण्यातले, घरच्या ज्वारीच्या लाह्या पोत्यांनी विकणारे. त्यांनी कळवलं होतं की या डब्यात शोध असा काही नाही. पिशवीचं तोंड गुंडाळणं ही गोष्ट कोणालाही सहज सुचण्याजोगी आहे. आणि हे पेटंट झालं तर उद्या वऱ्हाडातल्या प्रत्येक बाईला लाह्या बांधून ठेवायच्या आधी अमरावतीच्या एका मास्तरला विचारावं लागेल.

कमलाकांतांना हरकतीचा राग नाही आला, दुःख झालं. 'एका मास्तरला' या शब्दांचं. निदान नाव तरी लिहायचं होतं.

बापूसाहेबांनी धीर दिला. ते म्हणाले की सगळा खटला आता एका प्रश्नावर उभा आहे. लाह्यांच्या व्यवहारातल्या साध्या, चारचौघांइतक्या शहाण्या माणसाला ही युक्ती आपसूक सुचली असती की नसती? सुचली असती तर पेटंट नाही. सुचली नसती तर आपण जिंकलो. कलकत्त्याच्या कचेरीनं साक्षी नोंदवायला अकोल्याचे निवृत्त मुन्सफ नारायणराव यांना कमिशनर नेमलं, आणि श्रावणातली तारीख पडली.

श्रावण म्हणजे लाह्यांचा महिना. नागपंचमीला घरोघर लाह्या फुटतात आणि हवा अशी ओली असते की काडेपेटीही पेटत नाही. बडनेऱ्याला गाडी बदलून तिघं अकोल्याला निघाले. प्रमोदिनीबाईंचे मामा जठारपेठेतच राहत. कमलाकांतांना बाहेरचं चालत नाही म्हणून त्याही बरोबर होत्या, आणि पिशवीत तो बिस्किटाचा डबाही होता. खिडकीबाहेर ओली काळी रानं मागं जात होती. कपाशी वीतभर वर आली होती, तिच्यावर भुरभुर पडत होती. कमलाकांत अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बाहेर बघत होते. मूर्तिजापूरच्या फलाटावर त्यांना सगळे लोक आपलाच डबा काखेत धरून उभे दिसले. सरकारी गॅझेटात पहिल्या ओळीवर त्यांचं नाव होतं, आणि तिथं जावई हा शब्द कुठंच नव्हता.

नारायणरावांच्या दिवाणखान्यात सुनावणी भरली. पुरुष जाजमावर, बायका आतल्या दाराशी. भगवंतराव उंच, सावळे, सरळ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी वकील केला नव्हता. उभे राहून त्यांनी एवढंच सांगितलं, "साहेब, एका काडीचं पेटंट मागून राहिले हे. आमच्या गावातली कोनतीबी बाई आना, तिच्या हाती लाह्या द्या, पिशवी द्या. असंच गुंडाळते का नाई, तुमीच पाहा."

बापूसाहेबांनी हे शब्द हवेतच झेलले. बघूच म्हणाले. आणि नारायणरावांनी, वीस वर्षं नुसते कागद चाळून कंटाळलेल्या माणसाच्या उत्साहानं, परीक्षाच ठरवली. भगवंतरावांनी आपल्या पसंतीच्या पाच बायका निवडाव्यात, जन्मभर लाह्या फोडणाऱ्या. प्रत्येकीला सारख्याच लाह्या, एक पुठ्ठ्याचा डबा आणि मेणकागद मिळेल. बाकी घरातलं हवं ते वापरावं. कमलाकांतांचा डबाही त्याच लाह्या भरून कमिशनरांच्या कारकुनाकडे राहील, पण तो या बायकांना दाखवायचा नाही. रोज सकाळी डबा उघडून मूठभर लाह्या काढायच्या आणि पुन्हा बंद करायचा. पाचव्या दिवशी कमिशनर स्वतः प्रत्येक डब्यातल्या लाह्या चावून बघतील.

भगवंतरावांनी पहिलं नाव आपल्या घरधनिणीचं, सुभद्राबाईंचं दिलं. बाईंनी डबा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "पाच दिवस कावून ठेवाच्या? आजच खाऊन टाकू नं."

ते पाच दिवस अकोल्यात दुसरा विषय नव्हता. कोणाच्या डब्याला पोरांनी हात लावू नये म्हणून घराघरांत पहारे बसले. इकडे मामांच्या घरी कमलाकांत रोज सकाळी उठत, प्रमोदिनीबाईंनी समोर ठेवलेल्या कुरकुरीत लाह्या खात, आणि जिंकल्यावर करायचं भाषण मनातल्या मनात म्हणत. लाह्या कुरकुरीत का आहेत, असा प्रश्न त्यांना पडला नाही. स्वप्नाळू माणसाला न्याहारी तयार मिळते, ती तशीच असायची असं तो समजतो.

पाचव्या सकाळी घाईत ते न्याहारी न करताच निघाले. दिवाणखाना गच्च भरला होता. नारायणरावांनी चूळ भरली, पांढरा रुमाल मांडीवर पसरला आणि परीक्षा सुरू झाली.

पहिल्या बाईनं डब्याचं तोंड कणकेनं लिंपलं होतं. रोज लिंपायचं, रोज फोडायचं. आत लाह्यांपेक्षा मुंग्या जास्त निघाल्या. दुसरीनं पिशवी राखेत पुरली होती. नारायणरावांनी एक लाही तोंडात टाकली आणि लगेच पाणी मागितलं. तिसरीनं डबा चुलीवर आढ्याला टांगला होता. लाह्या कोरड्या होत्या, पण धुरानं त्यांना विडीची चव आली होती. चौथीचा डबा रिकामा होता. तिनं साक्ष दिली की दुसऱ्या दिवशीच सादळायला लागल्या, मग नासवायच्या कशाला, म्हणून लेकरांना घातल्या. सुभद्राबाईंनी सुतळीनं अशी गाठ मारली होती की ती भगवंतरावांना दातांनी सोडावी लागली. आतल्या लाह्या मऊ पडल्या होत्या.

मग अरुणोदयचा डबा पुढं आला. नारायणरावांनी काडी उलगडली, चार लाह्या तोंडात टाकल्या आणि सगळ्या दिवाणखान्याला आवाज ऐकू आला. कुर्रुम्. त्यांनी आणखी चार घेतल्या. मग मूठभर घेतल्या. नोंद करायची राहून गेली, तेव्हा कारकुनानं खाकरून आठवण केली.

बापूसाहेब उठले आणि म्हणाले की विरुद्ध पक्षानं स्वतः निवडलेल्या पाच तज्ज्ञांपैकी एकीलाही ही युक्ती सुचली नाही, यापेक्षा वेगळा पुरावा तो काय हवा. कमलाकांतांना ते शब्द लांबून, पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर गॅझेटचं पान होतं. पहिली ओळ. क, म, ला.

भगवंतराव उभे राहिले. ते हरलेले दिसत होते, पण चिडलेले नव्हते. त्यांनी मान्य केलं की गोष्ट सोपी दिसली तरी सोपी नाही. आता आपली एकच शंका आहे म्हणाले. जन्मभर लाह्या फोडणाऱ्या पाच बायांना जे सुचलं नाही ते या मास्तरांना कसं सुचलं? यांना चूल पेटवता येते का? बापूसाहेबांना खोटं बोलता येईना. येत नाही, म्हणाले.

"मंग मले ते सपन आयकाचं हाय," भगवंतराव म्हणाले. "सातव्या कलमातलं."

बापूसाहेबांनी जोरदार हरकत घेतली. पण कमलाकांत केव्हाच उठून उभे राहिले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी स्वप्न आपणहून विचारत होतं, आणि तेही विरुद्ध पक्षाचं माणूस! नारायणरावांनीही लाह्यांनी भरलेल्या तोंडानं सांगा म्हणून खूण केली.

कमलाकांतांनी डोळे अर्धे मिटले. पिवळा उजेड आला, वास आला, हात आले. ते सांगत गेले आणि दिवाणखाना शांत होत गेला. बाहेर पागोळ्या गळत होत्या, तेवढाच आवाज. कमलाकांत सांगायचे छान, यात शंका नाही. मागे बसलेल्या एका वृद्धांची तर मान डुलू लागली.

"हात कसे होते?" भगवंतरावांनी विचारलं.

"बाईचे. गोरे. बोटं लांब." कमलाकांतांचा आवाज हळुवार झाला. "हिरव्या बांगड्या होत्या. काडी धरली की बांगड्या मागं सरायच्या, आणि मग डाव्या मनगटाच्या आत तेलाचा जुना चटका दिसायचा. चिंचोक्याएवढा. देवीच्या हातावर चटका कसा, असं मला तेव्हाही वाटलं होतं."

आतल्या दाराशी काहीतरी हाललं. प्रमोदिनीबाई तिथं सुभद्राबाईंशेजारी बसल्या होत्या. नवरा उपाशी गेला म्हणून बिस्किटाचा डबा आणि दह्याची वाटी घेऊन त्या मागोमाग आल्या होत्या. आता त्यांनी पदर ओढून हात झाकायला घेतला. पण सुभद्राबाईंनी तो मनगटाशी धरला, उजेडात उलटा केला आणि दारातूनच म्हणाल्या, "सायब, मास्तरचं सपन तं इथं बसून राह्यलं."

नारायणरावांनी तो बिस्किटाचा डबा मागवला. पत्र्याच्या काठावर सांडशीनं वाकवून केलेल्या दोन खाचा होत्या. आत कागदाची पिशवी, तिच्या तोंडात आडवी घातलेली लोकरीच्या विणकामाची सुई, आणि तिच्याभोवती तीन वेढे. नारायणरावांनी एक लाही खाल्ली. कुर्रुम्.

प्रमोदिनीबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी खाली बघत सांगितलं की तीन वर्षं झाली. हे शाळेत डब्यात लाह्या नेत आणि सादळल्या म्हणून रोज परत आणत. मग एकेक करून पाहिलं. कणीक पाहिली, सुतळी पाहिली, शेवटी ही सुई बसली. रविवारी दुपारी हे आडवे झाले की आठवड्याच्या लाह्या फोडून भरायच्या, तेवढाच निवांत वेळ. ही युक्ती आपण कुणाला दाखवली नाही, कारण यात दाखवण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

"मग तुमच्या यजमानांनी अर्ज केला तेव्हा बोलला का नाहीत?" नारायणरावांनी विचारलं.

"आधी वाटलं, ह्यांना माहीत आहे. रोज त्याच डब्यातलं तर खातात. नंतर कळलं की ह्यांना खरंच स्वप्न वाटतंय. तेव्हा मग बोलवेना. चौदा वर्षांत ह्यांना इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं."

बापूसाहेब त्यांचे वडील, पण त्या घडीला ते आधी वकील होते. ते जावयाच्या कानाशी वाकले आणि भराभर पुटपुटले की अजून काही बिघडलेलं नाही, नवराबायको एकाच घरातले, आपणच तिला तीन वर्षांपूर्वी हे शिकवलं असं सांगा, ती नाही म्हणायची नाही. आणि ते खरं होतं. प्रमोदिनीबाई नाही म्हणाल्या नसत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

नारायणरावांनी लेखणी उचलली. "वाडेगावकर, शपथेवर सांगा. हे तुम्ही यांना दाखवलंत, की यांनी तुम्हाला?"

कमलाकांतांच्या डोळ्यांसमोर गॅझेटचं ते पान अजून होतं. पहिली ओळही होती. एक शब्द बोलायचा अवकाश, तिथं नाव उमटणार होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. सुभद्राबाईंच्या मुठीत अजून ते मनगट होतं आणि त्यावरचा चटका त्यांना दिसत होता. तो कधी बसला, ते त्यांना आठवेना. बायकोच्या हाताकडे आपण जागेपणी एकदाही नीट पाहिलेलं नाही, हे त्यांना भर दिवाणखान्यात कळलं आणि त्यांना भयंकर लाज वाटली.

"दाखवलं कुणीच नाही, साहेब," ते म्हणाले. "ती काम करत होती. मी झोपलो होतो."

कारकुनानं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. कलकत्त्याच्या दप्तरात आजही कुठं तरी ते वाक्य असेल.

पुढचं सगळं सरळ झालं. कमलाकांतांनी अर्ज मागं घेतला आणि बापूसाहेबांनी मुलीच्या नावानं नवा केला. या वेळी सातव्या कलमात स्वप्न नव्हतं, सुई होती. भगवंतरावांनी हरकत तर घेतली नाहीच, उलट त्या परीक्षेची हकीकत स्वतः लिहून पाठवली की पाच जणींना न सुचलेली ही गोष्ट आहे आणि माझी बायको त्यांतली एक. निघताना ते प्रमोदिनीबाईंना हात जोडून म्हणाले होते, "बाई, माह्या दुकानात असा डबा ठेवाचा असन तं तुमाले इचारीन. मास्तरले इचाराले मले जड जात होतं. तुमाले नाई जात."

वर्षानं गॅझेट आलं. शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून ते आधी कमलाकांतांच्याच हाती पडलं. ड्रॉइंगच्या वर्गात, मुलं आंबा काढत असताना, त्यांनी ते उघडलं. 'प्रमोदिनी कमलाकांत वाडेगावकर, राहणार अमरावती, वऱ्हाड. लाह्या व तत्सम पदार्थ ठेवण्याच्या डब्यातील सुधारणा.'

म्हणजे नाव आलं होतं. सरकारनं छापलं होतं, सरकार ते जपूनही ठेवणार होतं. फक्त ते मधलं होतं. कमलाकांत त्या ओळीकडे इतका वेळ बघत राहिले की त्या दिवशी मुलांनी आंबा खाऊन वर कोयही चोखून टाकली. मग त्यांना हसू आलं. रस्त्यात टांगेवाल्यानं त्यांना हाक मारली ती नव्याच नावानं. डबेवाल्या बाईंचे मालक, बसा की! बापूसाहेबांचे जावई ते आता राहिले नव्हते. एवढा फरक पडला होता खरा.

प्रमोदिनीबाईंनी गॅझेट दोनदा वाचलं, घडी घालून देवांच्या कपाटात ठेवलं आणि दही घालू का, असं विचारलं. कमलाकांतांनी त्यांचा डावा हात हातात घेऊन तो चटका कधीचा म्हणून विचारलं. पहिल्या दिवाळीचा, त्या म्हणाल्या. अनारसे करताना. तुम्ही समोरच बसला होतात.

त्यानंतरच्या रविवारी कमलाकांत जेवून माजघरात चटईवर आडवे झाले. हवा छान होती. स्वयंपाकघरात प्रमोदिनीबाई लोणच्याच्या बरणीशी काहीतरी खटपट करत होत्या. बरणीचं झाकण, फडकं आणि एक गोल कडं, असं काहीसं चाललं होतं. कमलाकांतांनी डोळे मिटले. अगदी पूर्ण मिटले नाहीत. उशाशी एक पेन्सिल होती आणि एक कोरा कागद.

पिवळा उजेड नुकताच यायला लागला होता, तोच प्रमोदिनीबाईंनी वळून पाहिलं. पेन्सिल पाहिली. मग त्या उठल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.